देवाला दिलेला पत्ता

लष्कर, ग्वाल्हेर. माघ १९५१, गुरुवार

आज शेजारच्या आबासाहेबांकडे सत्यनारायण होता. बाहेरच्यांना हटवायला निघालेल्या नव्या पक्षाचे ते उमेदवार. प्रसादामागून अर्जही फिरला: फूलबागेजवळची सिंधी निर्वासितांची दुकानं उठवा. मी बातमीदार, म्हणून पहिली सही माझी हवी.

पण संकल्पात ठावठिकाणा सांगताना भटजींनी सवयीनं 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणत आम्हाला गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसवलं. चार पिढ्या ग्वाल्हेरात, आणि देवाला अजून तोच पत्ता! गोदावरी मी तरी कुठं पाहिली आहे?

म्हटलं, "आबासाहेब, देवापुढे गोदावरीकाठचे, मतदारांपुढे इथले. खोटं कुणाशी बोललात?"

ते हसले. "तुम्ही संस्कृतवाले फार छळता बुवा. इतना तो चलता है. करा सही."

चष्मा विसरलो म्हणालो. तो नाकावरच होता. नुसतं 'नाही' का म्हणवलं नाही?

परतताना फूलबागेशी चादरवाल्या सिंधी लछमनदासनं हाक मारली. "पंडितजी, सुना है अर्ज़ी लग रही है. दुकान पे टीन डलवाऊँ या रुकूँ?"

"डलवा लो," म्हणालो. कुणाच्या भरवशावर म्हणालो, कोण जाणे. तो मात्र लगेच छपराच्या पत्र्यासाठी लांबी मोजायला लागला.