नर्सबाईचा गुरुवार

सोमवार, माघ शुद्ध तीज, सन १९३६
किन्हीराजाहून बंडीनं कामरगावच्या दवाखान्यात आली. सुईणीची नोकरी लागली. खोली कोरडी, विहीर दारात, आणखी काय पाह्यजे. नात पंचफुला संगं हाय. तिचा आठवा सरत आला, लेकरू पोटात आडवं हाय. फिरवीन, त्यात काय. नर्सबाई रुपाबाई माह्या लेकीच्या वयाची. आमी सुइणी, मालिशवाल्या, हाडवैद्य, सगळ्यांनी दर गुरुवारी तिच्यापुढं बसून काय केलं, कुठं चुकलं ते सांगायचं. वहीतबी लिहायचं. मी दुसरी यत्ता शिकली हे तिले कोणत्या गाढवानं सांगितलं कोण जाणे.

गुरुवार, षष्ठी
दोनशे बाळंतपणं केली, पण कसं करते म्हून कोणी विचारलं नव्हतं. रुपाबाईनं माहा हात धरून विचारलं. नाळ कशी बांधते, कुठं कापते, सारं सांगितलं. ऐकून घेणारं भेटलं तं म्हातारीलेबी बरं वाटते.

शनिवार
जगदेवची सून मोकळी झाली. मी दोरा धरून उभी. नाळ कुठं बांधावी, आठवेना. शेवटी तिच्या सासूनं बांधली. म्हणे, दवाखान्याच्या सुईणीपक्षा आमची म्हैस हुशार.

सोमवार
लखीराम हाडवैद्य इथं दोन वर्सांपासून हाय. आज त्यानं एकाचा मोडका हात दुधीभोपळा धरावा तसा धरला. मी म्हटलं, काहून रे, हाडं विसरला का? तो म्हणे, माय, जे नर्सबाईले सांगितलं ते गेलं. मी म्हटलं, मंग सांगतं कायले? म्हणे, तिच्याइतक्या मायेनं मले कोणी विचारत नाही.

गुरुवार, चतुर्दशी
तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेली. तिनं एवढंच विचारलं, की आजी, नातीचं लेकरू कसं फिरवाल. मी बोलत गेली. तेल कुठं, दाब कुठं— मधातच समजलं, पण थांबता येईना. ती डोळे मिटून ऐकत होती. जेवून उठल्यावानी तिचं तोंड उजळलं.

बुधवार
पोटावर हात ठेवले. डोकं कोणतं, पाय कोणते— लाकडाचे हात. पंचफुला हासते. म्हणे, आजी, तू हायेस न.

गुरुवार, वद्य षष्ठी
सकाळपासून कळा. लेकराचा हात बाहेर आला— निळा. रुपाबाईचे पाय धरले. ती उठली नाही. मलेच जवळ बसवलं. म्हणे, आधी सांगा, ही पोर तुमची कोण— सांगितलं. तिची माय मेली, मी वाढवली, सारं—

दुपार
आतल्या खोलीत कोणाची तरी पोर ओरडून राह्यली. आजी आजी करते. असे कसे लोक, अशा वक्ती पोरीले एकटी सोडतात. घरचं कोणी आलं तं—