कमरेचं माप

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं पिस्तुलाचं होल्स्टर मिळालं. कातडं सुरेख आहे, शिवण तर बघत राहावी अशी. पण दादा, मला ते बसत नाही. पट्ट्यावर चढवलं की पिस्तुलाची मूठ थेट बरगडीत घुसते. तुमची पुरुषांची कमर फळीसारखी सरळ. माझी पट्ट्याखाली रुंद होते, म्हणून होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि वरची मूठ आत येते. पिस्तूल उपसताना कोपर कानापाशी न्यावं लागतं. बरगडीवर काळानिळा डाग पडलाय. यांनी परवा विचारलं, कोणाशी मारामारी केलीस म्हणून.

होल्स्टर जरा खाली उतरवून दे आणि वरच्या बाजूला, पट्ट्याच्या आत, एक पाचर घाल. मूठ अंगापासून सुटी झाली की झालं. पुढच्या महिन्यात नेमबाजीची विभागीय स्पर्धा आहे, तेव्हा लवकर कर.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहो, फक्त बरगडीला टोचू नये.

तुझी,
धाकटी

१३ मार्च

चि. बुटकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं, मग राग आला. या साच्यावर मी उभं आयुष्य काढलं. स्वतः नेमबाजी केली तीही हेच होल्स्टर लावून, आणि बक्षिसं घेणारी माणसं अजून माझ्याच दुकानात येतात. त्यातल्या कोणालाच बरगडी नव्हती का?

सराव कमी पडला की सामान टोचायला लागतं. पट्टा घट्ट आवळ, खांदा उचलायला शीक. पाचरीबिचरीचे चोचले मी करणार नाही. उद्या म्हणशील, पिस्तुलाला झालर लाव.

वहिनी बरी आहे. आशीर्वाद आहेतच, पण तक्रारी आवर.

तुझा,
दादा

२० एप्रिल

ती. दादास,
नमस्कार.

तुझं ऐकलं. पट्टा आवळला, खांदा उचलला आणि स्पर्धेतून बाद झाले. इशारा झाल्यावर पिस्तूल उपसलं, मूठ बरगडीला अडकली, मी हिसका दिला आणि नळी बाजूला वळली. उजवीकडे पंच उभे होते. त्यांनी मला थांबवलं, पिस्तूल रिकामं करून घेतलं, आणि शांतपणे म्हणाले, "बाई, नळी माझ्या पोटावर होती."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. सामान उचलून सगळ्यांच्या समोरून चालत बाहेर आले. घोड्यावर बोट नव्हतं, पण त्या माणसाचं पांढरं पडलेलं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी येऊन तुझी शिवण उसवली. होल्स्टर खाली घेतलं, वर लाकडाची पाचर बसवली, जाड बाजू वर. आता हात सरळ खाली जातो आणि सरळ वर येतो. तू तासाभरात केलं असतंस, दादा. तुला करायचं नव्हतं.

बाकी काही मागत नाही.

धाकटी

२ मे

बुटकीस,
आशीर्वाद.

माझ्या कामाला सुरी लावलीस. परक्यानं केलं असतं तर दुकानाची पायरी चढू दिली नसती. घोड्यावर बोट ठेवलंस की नाही हे मी विचारलं नाही, पण हात तुझा होता, होल्स्टरचा नव्हे. ज्यावर माझा शिक्का आहे त्याला लाकडं ठोकून खेळणं केलंस, तर निदान शिक्का खरवडून टाक. कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस.

वहिनीनं तुला नमस्कार लिहायला सांगितला होता. तिचा तिनं लिहावा.

दादा

९ सप्टेंबर

ती. दादास,

शिक्का खरवडला. त्याच होल्स्टरवर परवाच्या स्पर्धेत दुसरी आले. हे कौतुकासाठी लिहीत नाही.

आमच्या सरावाच्या रेंजवरच्या दोघींनी तुझ्या दुकानातून 'खास महिलांसाठी' म्हणून होल्स्टर आणलंय. पाचरीसकट. माझीच पाचर विकतोयस, विक. पण ती उलटी बसवलीयस. जाड बाजू खाली. त्यानं मूठ आणखी आत घुसते. काल त्यातल्या एकीनं वाकून हिसका दिला आणि नळी शेजारणीच्या गुडघ्यावरून फिरली. कोरा सराव होता, पिस्तुलात गोळी नव्हती, म्हणून ती शेजारीण आज चालतेय.

माझं पत्र नीट वाचलं असतंस तर हे झालं नसतं. तू त्यातून फक्त पाचर उचललीस. विकलेलं प्रत्येक होल्स्टर परत मागव. नाहीतर तुझा शिक्का दाखवत मी प्रत्येक रेंजवर फिरेन, आणि नाव सांगेन.

धाकटी

१७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा वहिनी दुकानात होती. तिनंच फोडून वाचलं आणि मला न विचारता ते 'खास महिलांसाठी'चं होल्स्टर कमरेला बांधलं. रिकामं पिस्तूल घातलं. तिला ते उपसताच येईना. वाकली, वळली, शेवटी दोन्ही हात लावले. मी हसायला गेलो, तर म्हणाली, "इतक्या वर्षांत एकाही बाईला इथं उभं करून माप घेतलं नाहीत?"

माप माझंच होतं, दरवेळी.

सगळ्यांना कळवून होल्स्टरं परत मागवली आहेत. बरीच आली, उरलेली आणायला मी स्वतः जातोय. नवा साचा कापायचाय आणि वहिनी म्हणते, धाकटी आल्याशिवाय कात्री हातात धरायची नाही.

मलाही तसंच वाटतं, हे लिहायला दोन दिवस लागले. तेव्हा ये. रागावूनच ये, पण ये.

तुझा,
दादा