बिनोताने सांगितलेला चित्रपट कुणाला द्यायचा

मी, श्रीराम माधव खानझोडे, वय वर्षे ऐंशी, मूळचा नागपूरच्या धरमपेठेतला, १९६९ पासून शिकागोत आणि त्यातली बहुतेक वर्षे डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतल्या या विटांच्या घरात राहणारा, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी आज ठिकाणावर आहे असं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेलं आहे. पुढच्या वर्षाचं मात्र त्यांनी लिहून दिलेलं नाही. विसरण्याचा आजार सुरू झाला आहे, सावकाश वाढेल, असं त्या बाईंनी मला अगदी जपून सांगितलं. म्हणून ही घाई. मला कुणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. फूस लावायची तर आधी घरात यावं लागतं, आणि घरात कुणी येत नाही.

कायद्याला लागणारा इंग्रजी कागद माझी वकील चारुता हिने वेगळा केला आहे. हा मराठी कागद त्याला जोडावा आणि माझ्या पश्चात तिने तो माझी मुलगी उर्वी हिला मोठ्याने वाचून दाखवावा. उर्वीला मराठी समजतं, वाचता येत नाही. चारुताला वाचता येतं, पण अडखळत. घाई करू नये. त्या दोघींना त्या दिवशी दुसरं काही काम नसावं अशी माझी इच्छा आहे.

१. घर. राहतं घर मी उर्वीस देतो. ती जॉर्जिया राज्यात, अल्फारेटात स्थायिक आहे, तिला हे घर नको असणार, तेव्हा तिने ते खुशाल विकावे. फक्त तळघराची उत्तरेकडची भिंत ओल धरते हे घेणाऱ्याला आधी सांगावे. रंग मारून लपवू नये. मी आयुष्यभर लोकांना त्यांच्या इमारतींच्या भेगा दाखवत आलो आणि त्यापायी पुष्कळांना नकोसा झालो. मेल्यावर माझ्याच घराची भेग झाकली गेली तर ते मला चालणार नाही.

तिची आई गेल्यावर "बाबा, विकून टाक आणि आमच्याकडे ये," असं उर्वी म्हणाली होती. मी नाही म्हटलं. तिच्याकडे सगळं आहे, पण प्रोजेक्टर मांडून पडदा टांगता येईल अशी अंधारी खोली नाही. हे कारण ऐकून ती हसली नाही, चिडली.

२. बचत. बँकेतली शिल्लक अर्धी उर्वीस, अर्धी आमच्या वस्तीतल्या इंग्रजी वर्गास. या भागात आता ब्रह्मदेशातून परागंदा झालेली कुटुंबं राहतात. माझी पत्नी बिनोता ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर, पाय चालत होते तोवर, त्या बायकांना शिकवायला जायची. नवी बाई आली की ही तिला आधी नाव विचारायची आणि लगेच, "तुमच्यातलं कोण मागे राहिलं?" मी एकदा तिला म्हटलं, काय ही भलती चौकशी, बिचाऱ्या नुकत्याच आल्यात. ती म्हणाली, "कुणीतरी विचारायला पाहिजे ना." मला तेव्हा काही उमगलं नाही. मी गाडी काढायला गेलो.

३. हत्यारं आणि एक जुना हिशेब. पान्हे, ड्रिल, सोल्डरिंगचं सामान किराणावाले संजय यांच्या मुलाकडे द्यावं, असं आधी लिहिलं होतं. पण संजय साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, आणि साक्षीदाराच्या घरी काही जाणं बरं दिसत नाही, असं चारुता म्हणते. तेव्हा हत्यारं ज्याला हवी त्याने न्यावीत. महाराष्ट्र मंडळाचे माजी सांस्कृतिक सचिव कुमार यांच्याकडे माझी लांब एक्स्टेंशन कॉर्ड आहे. ती त्यांना बक्षीस. मी दिवाळीला मंडळात आमचा चित्रपट दाखवतो म्हटलं, तेव्हा हे गृहस्थ म्हणाले, "काका, सणासुदीला असलं रडकं कशाला? एखादा फार्स लावू की यार." शेवटी जानेवारीत, बर्फ पडत असताना, त्यांनी मला हॉल दिला. आम्ही दोघं, डॉ. पद्मजा आणि हॉलचा रखवालदार, एवढेच प्रेक्षक होते. पद्मजा पहिल्या रिळातच झोपली. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात ती झोपते, तरी दरवेळी येते. ती साक्षीदार असल्याने तिलाही काही देता येत नाही. तिला ते माहीत आहे, तरी सही करायला तयार झाली. या देशात मला एवढी एकच मैत्रीण उरली आहे.

४. चित्रपटाची प्रत. तळघरातल्या कपाटात पत्र्याचे डबे आहेत. त्यांत एक जुना कृष्णधवल बंगाली चित्रपट आहे. नाव डब्यावर आहे. ही प्रत आणि प्रोजेक्टर मी विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहास देतो. त्याच विद्यापीठाच्या फिल्म सोसायटीत मी १९७२ साली प्रोजेक्टर चालवत होतो. चित्रपटाला सबटायटल नव्हती. पहिल्या रांगेत एक बंगाली मुलगी एकटी बसली होती. रीळ बदलताना मी तिला विचारलं, काय चाललंय यात? ती उठून प्रोजेक्टरपाशी आली आणि शेवटपर्यंत माझ्या कानाशी हळू आवाजात सांगत राहिली. ती बिनोता. पुढे सोसायटी बंद पडली, प्रत भंगारात निघाली आणि आम्ही ती उचलून आणली.

गोष्ट अशी. पूर्व बंगालमधल्या एका शाळामास्तराचं कुटुंब घरदार सोडून कलकत्त्याच्या कडेला बांबूच्या झोपडीत येऊन पडतं. थोरला मुलगा नोकरी लागल्यावर वेगळा होतो. मास्तर म्हातारा होत जातो. हातपंपावर पाणी भरणारी एक लहान मुलगी अधूनमधून दिसते. ती टुकू, मास्तरांची धाकटी. पळापळीत स्टीमरच्या धक्क्यावर मागे राहिलेली, आणि मग विचारत विचारत एकटी वस्ती शोधून आलेली. शेवटी टुकू पंपावर असताना वादळ सुटतं आणि मास्तर बायकोला म्हणतो, "दार उघडं राहू दे, टुकू येऊन राहिली."

बिनोता बंगाली, पण मराठी माझ्या आईकडून शिकली. आई तिला विनता म्हणायची आणि ती आईचं नागपुरी जसंच्या तसं बोलायची. त्यामुळे तो बंगाली मास्तर माझ्या डोक्यात कायम नागपुरी बोलत आला आहे. 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे. दर हिवाळ्यात आम्ही पडदा टांगायचो, मी रीळ लावायचो, ती सांगायची. दुसरं कुणी लागायचं नाही. मी फार सुखी होतो, हे तिला कधी स्पष्ट म्हटलं नाही. इथे म्हणून ठेवतो.

डब्यात मी टाइप केलेला कथासारांश आहे. त्यात गोष्ट दहा ओळींत आहे. बिनोताचे शब्द त्यात नाहीत. शिवाय तो सारांश चुकीचा आहे. संग्रहाने तो काढून टाकू नये.

५. तो चुकीचा कसा, याचा खुलासा. बिनोता २०१९ साली गेली. त्यानंतर तीनएक वर्षांनी कुणीतरी तो चित्रपट स्वच्छ करून, इंग्रजी सबटायटल घालून इंटरनेटवर आणला. मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. पंपावरच्या मुलीला टुकू म्हटलेलंच नव्हतं. सबटायटलप्रमाणे ती शेजारच्यांची मोलकरीण होती. आणि शेवटी मास्तर म्हणत होता, "दार लाव, वारा सुटलाय." मी त्या लोकांना चुकांची यादी करून खरमरीत ईमेल पाठवली. बंगाली येत नसेल तर हात घालू नये, वगैरे. त्यांचं उत्तर नम्र होतं आणि ते एक शब्द मागे घ्यायला तयार नव्हते.

मी हट्टाला पेटलो. बिनोताचा थोरला भाऊ सौमित्र कलकत्त्यात असतो. त्याला म्हटलं, दादा, तुम्ही बघा आणि मला लेखी द्या. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालतं. इथे मराठीत लिहितो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "श्रीराम, सबटायटल बरोबर आहेत."

"मग टुकू?"

"सिनेमात टुकू कुणी नाही."

"बिनोताने मला जन्मभर सांगितलं, दादा. ती काय खोटं बोलली?"

तो म्हणाला, "आम्ही तीन भावंडं होतो. टुकू सगळ्यात लहान. पूर्व बंगाल सोडून निघालो तेव्हा खुलन्याला स्टीमरच्या धक्क्यावर फार गर्दी होती. तिचा हात बिनूच्या हातात दिला होता. बिनू तेव्हा आठ वर्षांची. आईने नंतर घरात ते नाव कुणाला काढू दिलं नाही."

"सापडली नाही?"

"नाही."

मला सासुरवाडीत एक मेहुणा आहे, एवढंच ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला एक बहीण होती, हे मला ती गेल्यावर कळलं. पहिले काही दिवस मला राग आला. इतक्या जवळ बसून मला नाही सांगितलंस? मग लक्षात आलं की सांगत तर होतीच. त्या घरात जे नाव काढायची बंदी होती ते तिला अंधारात, माझ्यासारख्या बंगाली न कळणाऱ्या माणसाजवळ मोठ्याने म्हणता येत होतं. पंपावरच्या परक्या मुलीला ती दर हिवाळ्यात घरी पोचवत होती.

६. उर्वीस द्यायची मुख्य वस्तू. तिच्या आईने सांगितलेला चित्रपट, पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत, आईच्या शब्दांत, मी उर्वीस देतो. हा चित्रपट कुठे नोंदलेला नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे. आणि तिथूनही जाऊ लागला आहे. दुसऱ्या रिळात टुकू मास्तरांना काय म्हणते ते परवा मला आठवेना. आठवायला गेलो तर ती सबटायटलंच समोर येतात. एकदा खरं वाचलं की तिचं खोटं धरून ठेवणं कठीण जातं. माझ्याबरोबर हे गेलं तर टुकू दुसऱ्यांदा हरवेल. मला त्याची भीती वाटते. मरणाची वाटते त्याहून जास्त.

उर्वीने हा चित्रपट पाहिलेला नाही. लहानपणी आम्ही तिला झोपवून खाली जायचो. आईच्या अंत्यसंस्कारानंतर आमचं वाजलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू वेअर हर ऑडियन्स. आय वॉज जस्ट हर किड." त्यानंतर वाढदिवसाचे मेसेज सोडले तर आमचं बोलणं नाही. मीही फोन केला नाही. खानझोड्यांचा ताठा. त्याला वारस नेमायची गरज नाही, तो तिच्याकडे आपसूक गेलेला आहे.

७. वकिलाची हरकत आणि पुढे काय घडलं. वरचा मजकूर वाचून चारुता म्हणाली, "काका, धिस इज ब्युटिफुल, पण कलम सहा एन्फोर्स होणार नाही. विल तुम्ही गेल्यावर लागू होतं. गेल्यावर तुम्ही तिला सिनेमा कसा सांगणार? तुम्ही तिला कॉल का नाही करत?"

मी तिला म्हटलं, तू वकील आहेस, वकिली कर. ती निघून गेली. मग हा कागद आठवडाभर टेबलावर पडून राहिला. रविवारी दुपारी मी फोन केला.

"बाबा? एव्हरीथिंग ओके?"

"ठीक आहे. आईच्या सिनेमाबद्दल बोलायचं होतं."

"द सॅड मूव्ही?" आवाज लगेच कोरडा झाला.

"त्यात एक टुकू म्हणून मुलगी आहे..."

"टुकू? वेट. बेडटाइमवाली टुकू?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. झोपवताना आई तिला रोज टुकूची गोष्ट सांगायची. टुकूने नावाड्याला रस्ता विचारला. टुकू पोस्टात टपालाच्या पोत्यावर झोपली. तिकीट तपासनिसाने टुकूला मुरमुरे दिले. मी तळघरात पडदा टांगत असायचो त्याच वेळी वरच्या खोलीत हे चालायचं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आय थॉट शी मेड हर अप. मला एंड माहीतच नाही. मी नेहमी झोपून जायचे. शेवटी ती घरी पोचते ना, बाबा?"

"आईच्या सिनेमात पोचते," मी म्हणालो.

"आणि खरी?"

खरी कुणी होती असं मी म्हटलंच नव्हतं. बिनोताची मुलगी आहे.

"खरी नाही पोचली, बेटा."

ती रडली. मीही रडलो. फोन ठेवावा असं दोघांनाही वाटलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "मी थँक्सगिव्हिंगला येते. मला सगळं ऐकायचंय, आई सांगायची तसंच. तोपर्यंत काही विसरू नकोस हं."

सहज बोलली ती. डॉक्टरांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "नाही विसरणार."

सबब कलम सहा या मृत्युपत्रातून खोडावे. ती वस्तू मी हयातीतच, माझ्या तोंडाने द्यायची आहे.

(सही) श्रीराम माधव खानझोडे

आमच्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत, न अडखळता वाचून दाखवून सही केली:
१. डॉ. पद्मजा वैशंपायन (सही)
२. संजय मेहरोत्रा, किराणा दुकानदार, डेव्हन ॲव्हेन्यू (सही)

स्थळ: शिकागो, इलिनॉय
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५