डिस्क क्रमांक सतरा

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. आईचा डोळा आता बरा आहे, थेंब दिवसातून दोनदाच घालते. नवा चष्मा आल्यापासून माझ्या कपाटावरची धूळ तिला दिसू लागली, एवढाच काय तो तोटा.

तुझे चार फोन मी उचलले नाहीत. वादात मी तुला हार जात नाही, पण तू रडायला लागलास की माझे मुद्दे लंगडे पडतात. म्हणून लिहिते.

आमच्या समुपदेशन केंद्रातले जुने कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचे आहेत. त्यांच्या डिस्क पुसायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक होतं. तुझ्या बायकोनं वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीत तू केंद्राचं नाव वाचलंस आणि मला म्हणालास, "ताई, एकच डिस्क पुसायची राहू दे. ती माझ्याबद्दल काय बोलली, एवढंच बघतो. भंगार तर आहे, कुणाचं काय जातंय?"

ऐक. फाइल नुसती डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागच्या जागी राहतात, शोधणाऱ्याला सापडतात. म्हणून आम्ही डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्यं लिहितो आणि ती परत वाचून खात्री करतो. एकेका डिस्कला पाच तास लागतात. जी अडते, तिला ड्रिलनं भोकं पाडतो. एवढा खटाटोप कशासाठी? बाई बंद दाराआड जे सांगते, ते भंगार नसतं. यंत्र जुनं होतं, तिचं बोलणं होत नाही. ज्या घरात तिला तोंड उघडता आलं नाही, त्याच घरी ते बोलणं मी पिशवीत घालून पोचवू?

तिची नोंद सतराव्या डिस्कवर होती. पुसण्याआधी नव्या यंत्रणेत सगळं उतरलंय का, हे फाइलींची नावं जुळवून बघावं लागतं. नावं वाचायची, आत शिरायचं नाही. मी शिरले नाही. तशी गरजही नव्हती.

नावापुढे ती केंद्रात आल्याची तारीख होती. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी तुमच्याकडे मुक्कामाला होते ना, त्यातल्या शेवटच्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवसाची.

त्या संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते. आतल्या खोलीतून आधी तुझा आवाज आला, मग काहीतरी भिंतीवर आदळल्याचा, मग तिचा. मी नळ मोठा केला. घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. ती कानावर हात धरून बाहेर आली, तेव्हा मी विचारलं, "चहा टाकू?" व्यासपीठावर बायकांच्या हक्कांबद्दल तास तास बोलणारी मी.

सतरा नंबर पुसून झाली. फॉर्मवर माझी सही आहे, तपासणाऱ्याचीही आहे. नोंद केंद्रात सुरक्षित आहे. तिला हवी तेव्हा मिळेल. तुला नाही.

काल मी तिला फोन केला. म्हटलं, मी त्या दिवशी जे ऐकलं ते कोर्टात सांगायला तयार आहे. ती म्हणाली, "आत्ता?"

शेवटी तिनं वकीलबाईंचा नंबर दिला. उद्या अकराला त्यांना भेटते आहे.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

कोर्टात समोर येऊ तेव्हा मान खाली घालू नकोस. मी तुझ्याकडे बघूनच बोलणार आहे.

तुझी,
ताई