तळमजल्याची खोली

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा पाट्या रंगवण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. जिभेचा दाखला कोणी देत नाही.

१. हे दुमजली घर माझ्या कष्टाचे. गल्लीने उपनगरात बिऱ्हाडे हलवली तेव्हा ‘घर विकणे आहे’ अशा एकतीस पाट्या मीच रंगवल्या. दिवसा पाट्या, संध्याकाळी ओट्यावरून भाषण : “शहर शत्रूमुळे पडत नाही, शेजारी उठून गेल्यामुळे पडते!” टाळ्या कडाडल्या. टाळ्या वाजवणारे पुढच्या रविवारी ट्रकमध्ये बसले. माझा मुलगाही.

२. वरचा मजला मुलाला. तेव्हा तो म्हणाला होता, “बाबा, इथं श्वास कोंडतो.” आता गल्लीत कॉफीची दुकाने आली, तर म्हणतो, “बाबा, जुन्या पेठेची मजाच वेगळी!” जिन्यात सुनेला मात्र म्हणाला, “खालची खोली रिकामी झाली की सगळंच विकू.” कान अजून शाबूत आहेत माझे.

३. खालची खोली इस्त्रीवालीला. गल्ली ओस पडली तेव्हाही या खोलीत तिची इस्त्री गरम होती. आता सुशोभन समिती म्हणते, तिचे टेबल गल्लीच्या जुन्या रूपाला शोभत नाही. भिंतीवरची साबणाची जाहिरात तरुणपणी मीच रंगवलेली. पुसट झाली म्हणून परवा ताजी केली, तर ‘जुने रूप बिघडवले’ म्हणून मलाच ताकीद.

४. ब्रश नातीला. कॉफीवाल्याला देऊ नयेत, तो भिंतीवर टांगेल.

५. साक्षीला इस्त्रीवालीला बोलावले. वकील म्हणाले, “बाई, तुमची सही चालणार नाही.”

ती उसळली, “का? सहावी पास आहे मी!”

“ज्याला मिळकत मिळते, त्याने साक्ष करायची नसते.”

खोली आपल्याला मिळतेय हे तिला तेव्हाच कळले. मग म्हणाली, “काका, तुमच्या माघारी हा कागद घेऊन मी कोर्टात उभी राहू, की कपडे इस्त्री करू?”

आयुष्यभर भाषणे केली. एवढा नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही. दुसऱ्याच दिवशी खोली बक्षीसपत्राने तिच्या नावे नोंदवून दिली. म्हणून कलम ३ रद्द. खोडले आहे, पण मुलाला वाचता येईल असे. आता तिला या कागदातून काहीच मिळत नाही.

ठिकाण : राहते घर, वरचा मजला
दिनांक : ९ मार्च

सही : पाटीवाला

साक्षीदार :
१. समोरचा न्हावी
२. खालच्या खोलीची मालकीण