कास्त्रा नोवाचं कार्ड

३ मार्च
पोचले एकदाची. लॅटिन शिकून काय दिवे लावणार, असं मामा नेहमी म्हणायचा. त्याला आल्या आल्या पत्र टाकलं की दिवे लागले. खोली लहान आहे, पण टेबल खिडकीशी आहे आणि खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट वहीवर येतो.

काम माझ्या आवडीचं. जुन्या छापील पुस्तकांच्या पहिल्या पानावर छापखान्याच्या गावाचं नाव लॅटिनमध्ये असतं. ते आजचं कुठलं शहर, हे सांगणारा कोश या घरात दोन पिढ्या चालू आहे. वडिलांनी सुरू केला, आता दोघे मुलगे चालवतात. सावत्र भाऊ आहेत. थोरले साठीचे, मऊ बोलणारे. धाकटे पन्नाशीचे, हसरे, हात मात्र पैलवानाचे. मी एकेका नावाचं कार्ड लिहून खणात लावायचं. स्वयंपाकाला एक मावशी आहेत. त्यांनी जेवताना दोनदा आग्रह केला.

५ मार्च
लुटेशिया म्हणजे पॅरिस. एबोराकुम म्हणजे यॉर्क. लुगडुनुम वाचून मला लुगडंच आठवलं आणि एकटीच हसत सुटले. ते लिऑन, पण मागे ‘बाटावोरुम’ लागलं की लायडन. ऑगस्टा नावाच्या गावांचा तर सुकाळ आहे. धाकट्यांना लुगड्याचं सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चांगलं माणूस आहे.

९ मार्च
आज सी अक्षराच्या खणात एक विचित्र गोष्ट दिसली. माझ्याआधी कार्डं लिहिणाऱ्या मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे. एका जागेपासून मात्र ते एकदम वाकडंतिकडं होतं, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखं. मावशींना विचारलं. म्हणाल्या, मास्तर शिडीवरून पडले, उजवा हात गेला, मग डाव्यानं लिहायचे. आता कुठे असतात, असं विचारलं तर त्यांनी नळ मोठा सोडला.

अक्षर बिघडतं तिथे कास्त्रा नोवा हे नाव यायला हवं. त्याचं कार्डच नाही.

१२ मार्च
थोरल्यांनी आज सगळं सांगितलं. त्यांची आई नदीकाठच्या गावची, धाकट्यांची आई डोंगरावरच्या गावची. दोन्ही गावं म्हणतात, कास्त्रा नोवा ते आम्हीच. वडिलांनी ते कार्ड लिहिलंच नाही आणि गेले. थोरले चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. तिचा चेहरा आठवत नाही, फक्त गाव उरलंय, असं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला भरून आलं. त्यांनी दाखवलेले कागद मला पटले. कार्ड लिहिलं: नदीकाठचं. अगदी सुवाच्य अक्षरात.

१३ मार्च
धाकट्यांना दुपारी कार्ड सापडलं. त्यांनी आवाजही चढवला नाही. थोरल्यांचं उजवं मनगट धरलं, बोटं खणाच्या कडेवर ठेवली आणि गुडघ्यानं खण आत ढकलला. एकदा नाही, तीनदा. थोरले ओरडले ते पहिल्यांदाच. नंतर नुसता घशातून आवाज. मी भिंतीला चिकटून उभी होते. हलले नाही, ही लाज आयुष्यभर पुरेल.

मग धाकटे माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, नवं कार्ड घ्या.” मी डोंगरावरचं गाव लिहिलं. ओळ वाकडी गेली तर म्हणाले, घाई नाही, अक्षर नीट काढा.

मावशींनी थोरल्यांच्या बोटांना फडकं गुंडाळलं. सराईतपणे.

१५ मार्च
डाव्या हातानं लिहितेय. चुका होतील.

काल सकाळी ट्रंक घेऊन निघाले. फाटकाला कुलूप. मावशी म्हणाल्या, मास्तरही असेच निघाले होते, विहिरीपर्यंतच पोचले. तेवढ्यात धाकटे आले. ट्रंक स्वतः उचलून आत आणली. मग पुस्तकं दाबायच्या लोखंडी यंत्रात माझा हात — ज्या हातानं नदीकाठ लिहिलं तो. चक्र सावकाश फिरवत होते. मधेच थांबून विचारलं, दुखतंय का. चार बोटं गेली. अंगठा आहे.

आज मावशी नाहीत. फाटकाला कुलूप तसंच.

१६ मार्च, सकाळ
धाकटे मेले.

कागद कापायच्या यंत्रावर वाकले होते. थोरले मागून आले. पात्याचा दांडा डाव्या हातानं, सगळं अंग टाकून खाली — मान पूर्ण तुटली नाही. टाचा फरशीवर आपटत होत्या. किती वेळ. थोरल्यांनी पुन्हा दांडा उचलला. पुन्हा. यंत्रावरची कार्डं सगळी लाल —

मी कार्डांच्या खोलीत. आतून कडी.

दुपार
थोरले दाराबाहेर बसलेत. रडताहेत. म्हणतात, लहानपणी तो माझ्याच खांद्यावर असायचा, खाली उतरायचाच नाही. म्हणतात, त्याचंच खरं होतं. छापखाना डोंगरावरच होता, मला सगळं माहीत होतं. लिही पोरी. त्याच्या आईचं गाव लिही. मग फाटक उघडतो.

लिहिलं. दाराखालून सरकवलं.

वाचताहेत.

कार्ड उलटसुलट केल्याचा आवाज —

थोरल्यांनी विचारलं, मग आधी नदीकाठ कुणी लिहिलं होतं.

मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत म्हणून.

मग अगदी मऊ आवाजात, “अक्षर तुझं होतं. तू लिहिलं नसतंस तर तो आज —”

उठले. कागद कापायच्या यंत्राकडे गेले. काहीतरी जड ओढत आणताहेत. फटीत लोखंड. कडीचा एक खिळा — दुसरा पण —

मामाला सांगा मी