रॅमची जोडी

३० सप्टेंबर
कॉम्प्युटर आज परत अडकला. सारिका लग्नाच्या अल्बमचं पान उघडते आणि ते नुसतं गोल गोल फिरत बसतं. काम धुळ्याच्या सैफभाई फोटोवाल्यांचं. फोनवर म्हणाले, "सारिकाताई, शनिवारपर्यंत अल्बम द्या. जमत नसेल तर इकडे स्टुडिओत येऊन बसा, मशीन माझं."
येऊन बसा म्हणे. माझा लेक चिंधा जाऊन तिसरं वर्ष. सूनही धुळ्याला गेली तर मी या घरात बोलू कोणाशी— भिंतीशी?
रॅमची आणखी एक पट्टी टाकली की पळेल म्हणते. उद्या जळगाव.

१ ऑक्टोबर
धरणगावहून सकाळच्याच गाडीने गेलो. जुनी पट्टी रुमालात गुंडाळून मीच धरलेली. दुकानदार रोनकने निळी काढली. म्हटलं, आमची हिरवी आहे.
"मावशी, बैलजोडी घेताय का, रंग बघायला?"
म्हटलं, बैलाचाही रंग नाही बघत रे, चाल बघतात.
"मग झालं. इथेही चालच जुळवायची."
सारिकाने वरचे आकडे वाचले. निळी जास्त वेगाची. चालेल, पण जुनीसाठी तिला हळू व्हावं लागेल, म्हणाली. मी म्हटलं, चालेल ते नको, जुळेल ते काढ. सगळी खोकी उपसायला लावली. शेवटी तीच कंपनी, तोच वेग, तेवढीच मोठी मिळाली.

२ ऑक्टोबर, दसरा
नवं हत्यार पुजल्याशिवाय वापरायचं नाही, आमच्यात तसंच. सारिका सोनं वाटायला गेली तेव्हा दोन्ही पट्ट्या ताटात ठेवल्या, त्यांच्या कडेच्या सोनेरी दातांना हळदकुंकू लावलं. जोडी आहे— एकीला लावून दुसरीला कशी सोडू? मग वाटलं, सारिका कटकट करेल. पदराने पुसून टाकलं.
तिने येऊन बसवल्या. स्क्रीन काळा, नुसतं टूं टूं. काढल्या, उजेडात धरून बघितल्या, परत बसवल्या. तेच.
"जोडी जमत नाही वाटतं," म्हणाली.
रोनकला बघतेच आता.

३ ऑक्टोबर
निघाले तर म्हणते, "राहू द्या आई, मी सैफभाईंना कळवते." राहू कशी देईन? पट्ट्या घेऊन एकटी गेले. भर दुकानात रोनकला झापलं, बेजोड माल गळ्यात मारतोस? त्याने खोडरबर घेऊन पट्टीचे दात घासले. पांढरं रबर लाल झालं. ते माझ्यापुढे धरलं.
"पूजा कॉम्प्युटरच्या डब्याची करायची, मावशी. दातांची नाही."
त्याच्या मशीनला लावल्या, दोन्ही पळाल्या. मी पिशवी उचलली.
घरी सांगितलं, त्यानेच काहीतरी नीट करून दिलं. कुंकवाचं नाव काढलं नाही.

४ ऑक्टोबर
अल्बम वेळेत गेला. सैफभाई खूश. "आता घरूनच करा, ताई." सुटले एकदाची! शिरा केला. सारिकाने दोन घास खाल्ले न खाल्ले.

५ ऑक्टोबर
कुंकू सारिकाने दसऱ्यालाच बघितलं होतं. मला पुसायचं नव्हतं, जायचं होतं, म्हणाली.
धुळ्याच्या गाडीत तिची पिशवी मीच चढवली.